मध्ये कुणी काही विचारायचं नाही

सान ओनोफ्रे गावचे सेवानिवृत्त अधिकारी कराई पोर्फिरिओ इन्स्फ्रान यांनी, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता, असा निर्णय घेतला की यापुढे घरच्या कॉम्प्युटरचे बटण दाबले की तो थेट खेळात गेला पाहिजे. मध्ये कुणी काही विचारायचे नाही.

निर्णयाला कारण होते. कराईंची, म्हणजे तुमच्या भाषेत रावसाहेबांची, अख्खी नोकरी हयात-पडताळणी संचालनालयाच्या खिडकीमागे गेली होती. नाव काय, बापाचे नाव काय, बाप हयात आहे का, असल्यास पुरावा, नसल्यास पुरावा. ज्याने जन्मभर प्रश्न विचारले, त्याला म्हातारपणी एक यंत्र प्रश्न विचारू लागले. तुम्ही कोण? पासवर्ड काय? चुकला, पुन्हा सांगा. नवी सुधारणा आली आहे, आत्ता करू की नंतर? हे सगळे उरकून कराई खेळातल्या राजवाड्याच्या तटावर पोहोचेपर्यंत तिथल्या राक्षसाला दुसऱ्याच कुणीतरी लोळवलेले असे.

"दारात उभं करून चौकशी करतो मेला!" कराई करवादले. "माझ्याच घरात, माझ्याच विजेवर!"

"तुम्ही काय वेगळं केलंत जन्मभर?" त्यांची बायको देओलिंदा चिपाचे, म्हणजे चीज घातलेल्या छोट्या पावांचे, पीठ मळता मळता म्हणाली.

"मी पगार घेऊन करत होतो."

शेवटी गावातल्या नीदिआ ओवेलारबाईंना बोलावणे गेले. बाईंचे चौकात फोन, कॉम्प्युटर आणि शिवणयंत्रे दुरुस्त करण्याचे दुकान होते आणि तिन्हींवर त्या सारख्याच ओरडत. आल्या आल्या त्या आंब्याखाली बसल्या, कारण टेरेरे, म्हणजे बर्फाच्या पाण्यातला पाल्याचा चहा, घेतल्याशिवाय आमच्याकडे कुठलेच काम सुरू होत नाही. देओलिंदाने शिंगाच्या पेल्यात बर्फाचे पाणी ओतायला घेतले. पेला एक, नळी एक. प्यायचे आणि मुकाट्याने परत द्यायचे, म्हणजे फेरी फिरत राहते. 'धन्यवाद' म्हटलेत की तुमचे झाले. मग घसा कोरडा पडो नाहीतर जीव जावो, पेला तुम्हाला वगळून पुढे जातो. राजधानीतून आलेला एक बडा वकील पहिल्याच घोटाला सभ्यपणे धन्यवाद म्हणाला आणि सबंध दुपार ओठ चाटत बसला, ही गोष्ट गावात अजून सांगतात.

"होईल," नीदिआबाई म्हणाल्या. "बटण दाबलं की थेट राजवाड्यात. फक्त बाहेर यायला एक चोरदार ठेवते."

"कशाला?"

"अहो कराई, माणसाला कधीतरी पत्र लिहायचं असतं, काही भरायचं असतं..."

"दार ठेवलं की कुणीतरी उघडतं. ही फडकं मारता मारता उघडेल."

"मग काय चिपाचा चुरा तसाच ठेवू त्या बटणांमध्ये?" देओलिंदा म्हणाली. "मुंग्या येऊन खेळतील."

"बुजव ते दार," कराईंनी हुकूम सोडला.

"बुजवते. पण नंतर माझ्या नावानं बोंब मारायची नाही. परत उघडायचं झालं तर सगळं पुसून काढावं लागेल. तुमचा तो लाल वाघसुद्धा जाईल."

लाल वाघ म्हणजे खेळातले कराई. लाल झगा, हातात कुऱ्हाड, आणि गुडघेदुखी अजिबात नाही.

"वाघ जाणार नाही, आणि मीही बाहेर येणार नाही," कराई म्हणाले. नीदिआबाईंनी दार बुजवले.

काय सांगू महाराजा, काय ते सुख! बटण दाबले की तुतारी वाजे, पूल खाली येई आणि लाल वाघ आरोळी ठोकून आत. ना नाव, ना गाव, ना शिक्का. पहिल्या दिवशी तर कराईंना इतके हसू लोटले की देओलिंदाने त्यांच्या डोक्यावर थंड पाणी ओतले. त्यांनी उगाचच बंद-चालू, बंद-चालू करून पाहिले. दर वेळी पूल खाली! आयुष्यात प्रथमच कुणीतरी त्यांना काहीही न विचारता आत घेत होते.

मग हयातीच्या दाखल्याची वेळ आली.

दाखला आता घरबसल्या द्यायचा होता. पेन्शनवाल्याने आपल्या घरच्या, नोंदणी केलेल्या कॉम्प्युटरपुढे बसायचे, संचालनालयाचे पान उघडायचे, कॅमेऱ्यात पाहून डोळे मिचकावायचे, झाले. दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालणार नाही, कारण मग एकाच कॉम्प्युटरवरून सगळे गाव जिवंत होईल. हे कलम फार बारकाईने लिहिलेले होते. लिहिणाऱ्याचे नाव पोर्फिरिओ इन्स्फ्रान.

कराईंनी बटण दाबले. तुतारी वाजली. पूल खाली आला.

"पान कुठंय?" देओलिंदाने विचारले.

"पलीकडे आहे. पण पलीकडे जायचं दार आपण बुजवलंय."

"आपण नाही, तुम्ही. बोलवा नीदिआला, पुसून टाकू दे सगळं."

कराईंनी पडद्याकडे पाहिले. लाल वाघ तटावर उभा होता, झगा वाऱ्यावर उडत होता. त्याला तिथवर चढवायला किती घाम गाळला होता!

"अहो, घर पेन्शनवर चालतं!" देओलिंदा कळवळून म्हणाली. "जिवंत राहायचंय की वाघ राहायचंय, एकदाचं ठरवा!"

"दोन्ही राहतो," असे म्हणून कराईंनी टोपी घातली आणि ते जातीने संचालनालयात गेले.

खिडकीमागे एवेलिओ येग्रोस बसला होता. कराईंनीच त्याला तयार केले होते. त्याने उठून खुर्ची दिली, टेरेरेचा पेला दिला, गुडघ्यांची चौकशी केली आणि मग खेदाने मान हलवली.

"कराई, तुमच्या हयातीचा पुरावा आलेला नाही."

"अरे, मी समोर बसलोय!"

"दिसतंय ना. पण कलम बघा, तुमचंच आहे. 'प्रत्यक्ष हजेरी हा हयातीचा पुरावा धरू नये, कारण कार्यालयात प्रत्यक्ष हजर असलेली माणसे जिवंत असतातच, असा अनुभव नाही.'"

कराईंनी ते वाक्य ऐकले आणि अशाही परिस्थितीत त्यांची छाती फुगली. "झकास लिहिलंय रे."

"आम्ही नव्या पोरांना पाठ करायला देतो."

दोघांनी पेल्याच्या दोन-चार फेऱ्या केल्या. एवेलिओ गुणी शिष्य होता. नियम मोडणे त्याला जमत नसे, पण नियमाच्या पोटात शिरून पलीकडून बाहेर पडणे त्याला येत होते. कलमात म्हटले होते की अर्जदाराच्या घरच्या कॉम्प्युटरवर त्याची हयात दिसली पाहिजे. कुठल्या पानावर, ते म्हटलेले नव्हते.

"तुमच्या खेळात माणूस जिवंत आहे का मेलाय, ते कळतं का?"

"नावाखाली लिहिलेलंच असतं. 'लाल वाघ, जिवंत.'"

"मग झालं तर! आम्ही राजवाड्यात येऊन बघतो."

तेव्हा संचालनालयाने आपल्या कॉम्प्युटरांपैकी एक, बटण दाबताच थेट खेळात जाईल असा करून घेतला. काम नीदिआबाईंनीच केले. दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या वेशीवर करड्या कोटातला एक शिलेदार हातात टाक घेऊन उभा राहिला. त्याने लाल वाघाला नखशिखांत न्याहाळले, 'जिवंत' हा शब्द वाचला आणि कराईंच्या नावापुढे खूण केली. देओलिंदाने देवापुढे मेणबत्ती लावली.

इथेच गोष्ट संपली असती. पण सान ओनोफ्रेमध्ये गुपित आणि चिपा दोन्ही गरम असतानाच वाटले जातात. संचालनालयाचे पान महिन्यातले निम्मे दिवस बंद असे, राजवाडा कधीच बंद नसे. हां हां म्हणता गावातल्या सगळ्या पेन्शनवाल्यांनी आपापले कॉम्प्युटर थेट खेळात टाकून घेतले. नीदिआबाईंनी शिवणयंत्रे घेणे बंद केले. ज्यांच्या हातून सुईत दोरा ओवला जात नव्हता अशा म्हाताऱ्या कुऱ्हाडी परजू लागल्या. निवृत्त पोस्टमास्तरांनी राक्षसाच्या शेपटीचा तुकडा पाडला आणि आठवडाभर ते कुणाशी साधे बोलेनात.

एवढी गर्दी झाल्यावर शिस्त हवीच. करड्या कोटातल्या एका शिलेदाराचे बारा झाले. वेशीवर खिडकी बसली, खिडकीपुढे रांग लागली, रांगेसाठी टोकन आले, टोकनासाठी वेगळी रांग आली. दुपारच्या वामकुक्षीच्या वेळेत राक्षसाने हल्ला करू नये अशी सूचना लागली आणि राक्षसानेही ती पाळली, हे विशेष. थोड्याच दिवसांत अशी अवस्था आली की कराईंनी बटण दाबले, तुतारी वाजली, पूल खाली आला आणि समोरून आवाज आला, "नाव काय? बापाचं नाव काय? बाप हयात आहे का?"

"हा तर आपलाच प्रश्न!" कराई किंचाळले.

"ओळखीचं कुणी भेटलं की बरं वाटतं, नाही?" देओलिंदा म्हणाली.

याच सुमारास कराई बोनिफासिओंचे प्रकरण उजेडात आले. म्हणजे आले असते. बोनिफासिओ दोन वर्षांपूर्वी वारले होते, सगळे गाव नऊ दिवस त्यांच्याकडे प्रार्थनेला जाऊन चिपा खाऊन आले होते. पण राजवाड्यात ते घोड्यावर बसून रोज कामगिरी गाजवत होते, कारण त्यांचे जावई मोठे कष्टाळू होते. पोर्फिरिओंनी तक्रार केली. संचालनालयाने चौकशी केली. निष्कर्ष निघाला की कराई बोनिफासिओ ठणठणीत जिवंत असून, तक्रारदाराच्या हयातीची मात्र फेरतपासणी आवश्यक आहे.

फेरतपासणीचा दिवस उजाडला. कराई पहाटेपासून रांगेत उभे होते, म्हणजे खुर्चीत बसून लाल वाघाला उभे करत होते. घरखर्च, औषधे, छपराची गळती, सगळे या एका खुणेवर टांगलेले. मागून देओलिंदा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. दुपारी करड्या कोटाने त्यांच्याकडे पाहिले, बराच वेळ पाहिले आणि लिहिले, "जिवंत. खात्री झाली."

कराईंचे डोळे भरून आले. खिडकीच्या या बाजूला उभे राहिल्यावर माणसाला काय वाटते, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळले. जन्मात जो शब्द त्यांनी कुणाही अर्जदारापुढे उच्चारला नव्हता, तो त्यांनी दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधून टंकला. "धन्यवाद."

करडा कोट थबकला. मग त्याने आधीची खूण खोडली, नवी केली आणि म्हणाला, "पुढचा!"

कराई धावत संचालनालयात पोहोचले. एवेलिओ डोक्याला हात लावून बसला होता.

"कराई, काय करून बसलात हे!"

"मी काय केलं? जिवंत म्हणून खूण झाली होती!"

"झाली होती. पण लगेच तुम्ही धन्यवाद म्हणालात."

"सभ्यपणानं म्हटलं रे बाबा!"

"आपल्याकडे कुणी धन्यवाद म्हटलं की त्याचा अर्थ काय होतो, हे मी तुम्हाला सांगायचं? बास झालं, आता नको. तुम्हाला हयातीचा पेला दिला, तुम्ही तो परत करताना धन्यवाद म्हणालात. संचालनालय देशाच्या चालीरीती मोडू शकत नाही. अर्जदाराने पुढील हयात स्वेच्छेने नाकारली, अशी नोंद झालीय." त्याने नोंदवही मिटून बाजूला सारली. "उभ्या नोकरीत एकदाही म्हणाला नाहीत, आणि आजच कुठून सुचलं तुम्हाला?"

अपील करता येत होते. अपील फक्त जिवंत व्यक्तीने करायचे, असे कलम होते. लिहिणारा कोण, हे कराईंनी विचारले नाही.

ते पाय ओढत घरी आले. देओलिंदाने सगळे ऐकून घेतले, पदर असता तर तो तिने खोचला असता, इतक्या ठामपणे ती कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली. मेलेल्या अधिकाऱ्याच्या विधवेला पेन्शन असते. थोडी कमी असते, पण असते. तिने काळ्या झग्यातली एक शिलेदारीण उभी केली, रांग लावली, सगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली, 'जिवंत' आणि 'विधवा' अशा दोन्ही खुणा करून घेतल्या आणि खिडकीकडे ढुंकूनही न पाहता परतली. धन्यवाद तर सोडाच, तिने मानसुद्धा हलवली नाही. पहिली पेन्शन आली तिच्यासोबत एक तळटीप होती. पती जिवंत आढळल्यास निवृत्तिवेतन तत्काळ बंद होईल.

"तेव्हा बाजारात फार हिंडायचं नाही," तिने बजावले. "आणि लोकांत शिंकायचं नाही."

कराईंनी उदास मनाने बटण दाबले. तुतारी वाजली, पूल खाली आला, समोर मैलभर रांग. करड्या कोटाने आपल्या यादीत त्यांच्या नावापुढे 'मयत' असे वाचले आणि टाक बाजूला ठेवला.

"मयतांना आम्ही काही विचारत नाही," तो म्हणाला. "सरळ आत जा."

आणि लाल वाघ आरोळी ठोकून, अख्ख्या रांगेच्या नाकासमोरून, दौडत आत गेला! कराई खुर्चीतून उडालेच. इतके हसले, इतके हसले की देओलिंदाने पाण्याचा तांब्या उचलला आणि मग ती स्वतःच हसत खाली बसली. संध्याकाळी एवेलिओ आला, आंब्याखाली टेकला आणि आदराने म्हणाला, "कैलासवासी कराई, प्रकृती कशी आहे?" कराईंनी पेला रिकामा केला आणि मुकाट्याने परत दिला.

तुम्ही हसताय. हसा, हसायला कुठे दाखला लागतो? पण यंदा तुम्हीही कुठल्याशा यंत्राला अंगठा दिला असेल, त्याने तीनदा नाकारला असेल, चौथ्यांदा घेतला असेल आणि तुम्ही जिवंत आहात अशी पावती हातात पडली असेल. ती घेताना खिडकीतल्या माणसाला तुम्ही काय म्हणालात, तेवढे जरा आठवून पाहा.