ढेप्याचा कल

एका जंगलात... अरे, आधी मांडी घालून नीट बसा बघू. हं. तर एका जंगलात कुमुदबाई नावाची एक अस्वलीण राहायची. तिचा मुलगा ढेप्या रोज शाळेत म्हणून निघायचा आणि वाटेतल्या वारुळापाशीच थांबायचा. दिवसभर वारूळ उकरायचा, वाळवी खायचा आणि नाकाला माती लावून घरी यायचा.

शेवटी शाळेने निरोप धाडला. मुलाचा कल काय ते कळवा, नाहीतर नाव कमी करतो.

कुमुदबाई घाबरली. ढेप्याचा कल तिला कधी दिसलाच नव्हता. सकाळी दिसायचे ते पांघरुणाबाहेर आलेले त्याचे पाय.

ती त्याला घेऊन बगळेसरांकडे गेली. बगळेसर कलतज्ज्ञ होते. कल म्हणजे कलणं, इतका त्यांचा सोपा हिशेब. पोराला तळ्याकाठी एका पायावर उभं करायचं आणि डोळे मिटायला लावायचे. डावीकडे कलला तर इंजिनिअर. उजवीकडे कलला तर डॉक्टर. पाण्यात पडला तर कला शाखा.

ढेप्या उभा राहिला. डळमळला.

"आई, आहेस ना गं?"

"आहे रे राजा."

ढेप्या डावीकडे कलला.

"इंजिनिअर," बगळेसर म्हणाले.

कुमुदबाईचं तोंड एवढंसं झालं. तिच्या जावेचा मुलगा डॉक्टर होणार होता. सर, पुन्हा एकदा बघता का, असं ती चाचरत म्हणाली. सरांनी मान डोलावली. तेवढ्यात ऊन लागायला लागलं म्हणून ती पलीकडच्या सावलीत जाऊन उभी राहिली.

"आई?"

"इथंच आहे."

ढेप्या उजवीकडे कलला.

"डॉक्टर. अगदी स्पष्ट कल आहे."

आता मात्र कुमुदबाईच्या डोक्यात प्रकाश पडला. पोरगं आपल्या आवाजाकडे कलतंय. तिला जराशी लाज वाटली. सरांना खरं काय ते सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं.

ढेप्याने एक डोळा उघडला.

"आई, मला वारुळं उकरायला आवडतात. ते कुठल्या बाजूला असतं?"

बगळेसर म्हणाले, ते छंद म्हणून ठेव, रविवारी कर.

कुमुदबाईने लेकाच्या मातकट नाकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"डोळे मीट, राजा," ती म्हणाली आणि उजवीकडे आणखी थोडी सरकली.

तात्पर्य: मुलाचा कल बघताना आईने उगाच मध्ये उभं राहू नये. आधी चार ठिकाणी चौकशी करावी आणि मग चांगल्या बाजूला उभं राहावं.