मधूच्या बाईसाहेब

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. मधूची आठवण काढून लोक हसायला लागले, की मीही हसायचो आणि विषय बदलायचो.

साथ येण्याच्या कितीतरी आधीपासून मधू पाहुण्याला दारातच अडवायचा. "हात धुतलेस? उंदराचा वास नाही ना येत?" का, ते कधी सांगायचा नाही.

ऑस्ट्रेलियातल्या वेरिबीत आमच्या घरांची मधली भिंत एकच. दोघंही निवृत्त, दोघंही एकटे. लॉकडाऊनमध्ये एकट्या माणसाला घरी एकच माणूस बोलावता येई. मधूनं मला निवडलं आणि पहिल्याच दिवशी काचेच्या पेटीतल्या 'बाईसाहेब' दाखवल्या. मांडीएवढी जाड, विटकरी लाल अजगरीण!

"आजच जेवल्यात. दोन दिवस हात लावायचा नाही."

"मी जन्मात लावणार नाही," मी म्हणालो.

तो गोठवलेले उंदीर कोमट पाण्यात ठेवायचा, मग हात घासून धुवायचा, कारण उंदराचा वास आला की बाईसाहेब हातालाच घास समजत. पेटीत पाणी फवारायचा. तिचे डोळे दुधाळ झाले की कुजबुजायचा, "हळू बोल. कात टाकायची आहे, दिसत नाही त्यांना."

एकदा त्यानं मला बजावलं, "कुणी विचारलंच तर इथलाच कार्पेट पायथन म्हण. पण तो सडपातळ, लांब शेपटीचा. ही बुटकी, जाड, शेपटी इवलीशी. ब्लड पायथन. या देशात बंदी आहे. कुणीतरी खोक्यात घालून माझ्या गराजपाशी टाकून गेलं. सरकारात दिली तर मारतील रे."

मी मान डोलावली आणि घरी येऊन दाराखाली टॉवेल कोंबला. कमोडचं झाकणसुद्धा काठीनं उचलायला लागलो. मग एके दुपारी पेटी रिकामी दिसली. तासाभरानं बाईसाहेब कपाटामागे सापडल्या. मधू हसत होता. मी घरी येऊन सरकारी खात्याला फोन लावला.

"कशावरून ब्लड पायथन?" त्यांनी विचारलं.

मी मधूचाच धडा म्हणून दाखवला. बुटकी, जाड, शेपटी इवलीशी.

खात्याची माणसं आली त्या दिवशी बाईसाहेबांचे डोळे दुधाळ होते. ती पेटी उचलून नेत असताना मधू मागे धावत होता. "ईझी, मेट! शी कान्ट सी!"

संध्याकाळी तो कुंपणाशी आला. त्याच्या घरात माझ्याशिवाय कुणीच जात नव्हतं. "तुला त्रास नाही ना झाला?" त्यानं विचारलं. "मी सांगितलं त्यांना, शेजाऱ्याला यातलं काही ठाऊक नाही."

मास्कच्या आड माझे ओठ हलले. मधू, फोन मीच केला. माफ कर.

"काय म्हणालास?"

"काही नाही," मी म्हणालो.