निकाळजे काकांनी होल्डवर टाकलेले तारे

निकाळजे काकांनी माझ्या होणाऱ्या जावयाच्या खिशाला पिवळं लेबल लावलं. त्यावर लिहिलं होतं, 'होल्ड'. बिचारा चहा पिऊन, सगळ्यांच्या पाया पडून, ते लेबल मिरवतच तळेगावला परत गेला.

काकांच्या मनात वाईट नसतं हो. चाकणच्या एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये त्यांचा जन्म गेला. भट्टीतून लोखंडाचा तुकडा यायचा, काका तो घासून चकचकीत करायचे, मशीनवर ठेवून ठिणगी पाडायचे. ठिणगीच्या उजेडावरून मशीन सांगायचं, यात कार्बन किती, सिलिकॉन किती. मग पास असेल तर हिरवं लेबल, बाद असेल तर लाल, नाहीतर पिवळं, म्हणजे 'होल्ड', पुन्हा तपासा. रिटायर होताना उरलेल्या लेबलांचा गठ्ठा ते घरी घेऊन आले. तेव्हापासून तळवड्याच्या आमच्या सोसायटीत लिफ्ट लाल, टँकरचं पाणी पिवळं आणि माझ्या बायकोचं पिठलं हिरवं आहे. चेअरमनच्या स्कूटरला कुठलं लेबल आहे ते मी सांगत नाही, मला इथेच राहायचंय.

काकांची मुलगी प्रज्ञा जर्मनीत असते. तीही उजेडच तपासते, पण ताऱ्यांचा. सूर्याहून कितीतरी अवजड, पण वयाने अगदी कोवळे तारे, त्यांच्यात कुठलं मूलद्रव्य किती हे ती मोजते. "म्हणजे माझंच काम," काका म्हणतात. "फक्त भट्टी लांब पडली."

काकू गेल्यापासून ती दर रविवारी फोन करते. पण बापलेकीला बोलायला सुचत नाही. "जेवलीस?" "हो." "थंडी?" "आहे." संपला फोन. समोर बसलेल्या मलाच कसंतरी व्हायचं. फोन थोडा लांबावा, एवढ्यासाठी काका नुसते तडफडायचे.

या हिवाळ्यात त्यांनी बुटाच्या खोक्यात जुनी सीडी चिकटवून एक यंत्र केलं. उजेडाचे रंग वेगळे करणारं. रविवारी अंधार पडताच आम्ही दोघं गच्चीवर गेलो. काकांनी मृग नक्षत्रातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांवर खोकं रोखलं आणि ओरडले, "जाधव, पिवळी रेष! सोडियम! भट्टीत मीठ पडलंय कुणाच्या तरी हातून! तिन्ही होल्ड!"

तेवढ्यात फोन आला. प्रज्ञा हसली, मग चिडली, मग समजावत बसली. "बाबा, समोर एखादा पिवळा दिवा असेल! इतक्या तापलेल्या ताऱ्यात असं दिसत नाही!" अर्धा तास गेला. पुढच्या रविवारी पुन्हा सोडियम, पुन्हा अर्धा तास.

काकांना दर रविवारी लेकीची बोलणी खावी लागतात, म्हणून मला दया आली. सोसायटीमागच्या गोडाऊनवर सोडियमचा जुना पिवळा दिवा होता. तिसऱ्या रविवारी मी तिथल्या वॉचमनला सांगून तो बंद करवला. काकांना खोक्यात नुसता फिकट निळसर पट्टा दिसला. त्यांनी तसं फोनवर सांगितलं.

"अगदी बरोबर, बाबा!"

"हं. जेवलीस?"

"हो."

फोन संपला. काका माझ्याकडे वळले. "दिवा तुम्ही बंद करवलात?"

"मग! आली की नाही टेस्ट ओके?"

"अहो, सोडियमची रेष मी ओळखणार नाही होय?" ते खोक्याचं झाकण लावत म्हणाले. "पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण चुकलो की पोरगी रागावते हो. रागावली की थेट तिच्या आईसारखी बोलते."

 मी जिना उतरलो, गोडाऊनच्या गेटवर गेलो आणि वॉचमनला म्हटलं, "भाऊ, लाव तो दिवा. आणि रविवारी काही झालं तरी बंद करू नकोस."