नाना खांबेट्यांची खारी विहीर

आमचे शेजारी नाना खांबेटे दगड चाटत. वेडाच्या भरात नव्हे. चष्मा लावून, धोतराच्या सोग्यानं दगड स्वच्छ पुसून, त्याची जात ओळखायला. माझ्या नव्या ओट्याचा कोपरा त्यांनी वास्तुशांतीच्या दिवशीच, पाहुण्यांदेखत चाटला आणि "निरुपद्रवी आहे" असा निकाल दिला. पाहुण्यांना वाटलं, माझ्याबद्दलच बोलले.

मळवली स्टेशनाच्या अंगाला, भातखाचरांच्या कडेला आमची दोन घरं. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. नाना रेल्वेतून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले आणि जन्मभर सरकारी डोंगर फोडून हौस फिटली नव्हती म्हणून की काय, त्यांनी स्वतःच्या अंगणात विहीर खोदली. पाणी लागलं. खारट लागलं. चार महिने आभाळ फाटून कोसळणाऱ्या मावळात या गृहस्थानं नेमकं खारं पाणी शोधून काढलं. हेही कसबच म्हणायचं.

त्या पाण्यात डाळ शिजेना. सकाळी चुलीवर चढवलेली तूर दुपारी छर्ऱ्यांसारखी ताटात वाजे. माईंनी, म्हणजे नानांच्या पत्नीनं, पलीकडच्या धोंडिबाच्या विहिरीवरून एक घागर आणली, तर नानांनी ती अंगणात ओतली. "घरची विहीर असताना दुसऱ्याच्या दारात घागर?" माईंनी रिकामी घागर पालथी घातली, ट्रंक भरली आणि तळेगावला भावाकडे निघून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "पाणी गोड झालं की कळवा."

नानांनी तो हुकूमच मानला.

"हे बघा," ते मला समजावत, "वर काळा पाषाण, खाली काळा पाषाण, मधे तांबड्या चिकणमातीचा थर. धोंडिबाचं पाणी भेगेतून धावत येतं, त्याला काही चिकटायला फुरसत नाही. आपलं त्या थरातून येतं, मुंगीच्या पावलानं. वाटेत भेटेल तो खार अंगाला लावून घेत येतं. आपण उपसत राहायचं. जुनं निघालं की मागून पावसाचं गोडं येतंय. पाण्याला घाई नसते हो!"

मग रोज सकाळी पोहरे काढून गटारात ओतणं सुरू झालं. धोंडिबा बांधावरून ओरडे, "नाना, हीर हाय का सासू? रोज उठून पाय धुताय तिचं!"

"अरे, थराच्या पोटात खार आहे!"

"तर काय! आमी मीट इकत आनतो, तुमच्या घरी उगवतंया. लय नशीबवान हायसा!"

मीही हसे. मला हसण्याचा अधिकार काय होता, तेही सांगून टाकतो. नानांचं शास्त्र खुळचट ठरवून मी पाणाड्या बोलावला होता. त्याच्या तळहातावरचा नारळ माझ्या परसात ताडकन उभा राहिला, म्हणजे खाली पाणी. मी तिथं सुरुंग लावून मोठा थोरला खड्डा केला. त्यात पाण्याचा थेंब आला नाही. पडली ती एकदा धोंडिबाची शेळी आणि दोनदा मी. म्हणजे पाणी धोंडिबाचं प्यायचं आणि थट्टा नानांची करायची, असा माझा दिनक्रम.

दर रविवारी नाना मूठभर डाळ चुलीवर ठेवत आणि मला साक्षीला बोलावत. दाणा बोटात धरून दाबायचा. तो टणकन उडून कोपऱ्यात जायचा.

"थोडी नरमलीय, नाही?"

"नाना, बंदुकीत भरा ही डाळ."

वर्षं गेली. तळेगावचं कुणी आलं की माई बऱ्या असल्याचं सांगे. नाना मान डोलवत आणि पोहरा सोडत. स्वतः एकदाही गेले नाहीत. "कळवण्याजोगं झालं की कळवीन," म्हणत.

आणि एका रविवारी, दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, मी दाणा दाबायला गेलो तर दाणाच सापडेना. पातेल्यात पिवळंधमक, मऊसूत वरण! मी धावत जाऊन पोहरा काढला, ओंजळीनं प्यालो. गोड पाणी. धोंडिबाच्या पाण्याहून गोड.

"नाना, जिंकलात! अहो, खडक धुतलात तुम्ही! टोपी घाला, पुढच्या गाडीनं तळेगाव. माईंना घेऊनच येऊ!"

नाना डावानं वरण ढवळत राहिले.

"आणि नाही आल्या तर?"

"का नाही येणार? पाणी तर गोड झालं."

"तेच म्हणतोय. आजवर त्या येत नव्हत्या, ते पाण्यामुळं."

नानांनी पेला भरून माझ्यापुढं सरकवला.

"पुन्हा एकदा बघा. नीट जिभेवर घोळवा. किंचित खारट लागतंय का?"

मी सावकाश अख्खा पेला प्यालो.

"लागतंय," मी म्हणालो. "चांगलंच खारट आहे हो, नाना."

"मला वाटलंच," म्हणत त्यांनी माझ्यासाठी पाट मांडला, भात वाढला, वर ते वरण. वरण अगदी अळणी होतं. पण मीठ मागायची माझी काही छाती झाली नाही.