करीमभाई, पृष्ठे एकाहत्तर

जगात वस्तू दोन प्रकारच्या असतात: यादीत असलेल्या आणि यादीत नसलेल्या. पहिल्या प्रकारच्या वस्तू आहेत, असे सर्वमान्य आहे. दुसऱ्या प्रकारच्या वस्तूंना आपण आहोत असे वाटत असते, पण त्याला पुरावा नसतो. बुधवार पेठेतल्या वाग्विलास सार्वजनिक वाचनालयाने हे तत्त्व एकशे अकरा वर्षे पाळले. करीमभाई बागवानांचे पुढे जे झाले ते हे तत्त्व मोडल्यामुळे नव्हे, तर काटेकोरपणे पाळल्यामुळे झाले, हे आधीच सांगितलेले बरे.

वाचनालय एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाच्या डोक्यावर आहे. (खाली दिवसभर स्पीकर तपासतात, वर 'शांतता राखा' अशी पाटी आहे. दोघेही आपापल्या जागी ठाम आहेत.) संस्थेचे सारे वैभव पूर्वी एका जाडजूड रजिस्टरात होते. संस्थापकांनी कागद वाया जाऊ नये म्हणून पुढच्या बाजूने सभासद लिहायला घेतले आणि रजिस्टर उलटे करून मागच्या बाजूने पुस्तके. दोन्ही याद्या एकमेकींकडे सरकत राहिल्या आणि एके दिवशी काही गाजावाजा न होता मध्यावर भेटल्या. खुर्च्या आणि शिडी यांना स्वतःची बाजू नव्हती, त्यामुळे त्या समासात होत्या.

संगणक आला तेव्हा कार्यवाह संजयराव खळदकर यांनी नवा प्रोग्राम नीरजाकडून करून घेतला. नीरजा धायरीला राहते, आयटी कंपनीत नोकरी करते आणि रविवारी समाजसेवा करते. रजिस्टर एकच होते, तेव्हा यादीही एकच हवी, असा संजयरावांचा आग्रह होता. म्हणून तिने प्रत्येक नोंदीला 'प्रकार' नावाचा एक रकाना दिला. त्याच्या बाणावर टिचकी मारली की तीन पर्याय उघडत: सभासद, पुस्तक, फर्निचर. बाकीचे रकाने सर्वांना सारखेच. प्रकार बदलला की फक्त मथळे बदलत. सभासदाच्या बाबतीत जिथे 'वडिलांचे नाव' दिसे, तिथे पुस्तकाच्या बाबतीत 'लेखक' दिसे. 'वय' होते तिथे 'पृष्ठे'.

"काका, ही जी समोर लिस्ट दिसतेय ना, ती स्वतःजवळ काहीच ठेवत नाही," नीरजाने समजावले. "ती मागच्या डेटाला बांधलेली आहे. डेटा बदलला की लिस्ट आपोआप बदलते. टू-वे ठेवलं तर लिस्टमध्ये बदललं की डेटा पण बदलतो."

"म्हणजे सेव्ह करायला नको?"

"बटण ठेवते ना मी. दाबायच्या आधी माणूस एकदा तरी विचार करतो."

"नको. आमच्याकडे विचार कार्यकारिणी करते."

"बरं. आणि एका वेळी वीसच ओळी दिसतील. बाकीच्या ओळी प्रोग्राम बनवतच नाही. तुम्ही खाली सरकलात की त्या तेवढ्यापुरत्या बनतात."

"जो समोर नाही तो नाहीच," संजयराव समाधानाने म्हणाले. "हे आमचं आधीपासूनचं धोरण आहे."

जानेवारीत वार्षिक पडताळणी झाली. ग्रंथपाल वासंतीबाईंनी ती एकटीने आणि अत्यंत जबाबदारीने केली. नोंद उघडायची, 'प्रकार' बरोबर आहे ना हे त्यावर टिचकी मारून पाहायचे आणि माउसचे चाक फिरवून पुढच्या नोंदीकडे जायचे. आता, ज्या रकान्यावर शेवटची टिचकी पडलेली असते, चाक त्यालाच फिरवते. पण हे वासंतीबाईंना कोणी सांगितले नव्हते, आणि पडद्यावर ते दिसले असते, पण त्यांचे डोळे त्या वेळी चष्म्यावरून दाराकडे लागलेले होते. चपला वाजवत कोण आले, हे पाहणेही त्यांच्याच कामात मोडते.

पडताळणीचे निष्कर्ष असे: एकोणीस सभासद पुस्तके झाले. सात शब्दकोश सभासद झाले. चार खुर्च्याही सभासद झाल्या. (नाव: खुर्ची, हातांची. वडिलांचे नाव: सागवान.) एकूण नोंदी पूर्वी चौदा हजार दोनशे सहा होत्या आणि नंतरही तेवढ्याच भरल्या. सबब काहीही हरवलेले नाही, असा शेरा मारून संजयरावांनी अहवालावर सही केली.

एकोणिसांपैकी अठरा जणांना यातले काहीच कळले नाही, कारण ते सभासद असतानाही कपाटातल्यासारखेच होते. एकोणिसावे करीमभाई.

करीमभाईंनी मार्केट यार्डात चौतीस वर्षे कांद्याची पोती तोलली. तोलणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना माणसे ओरडत असतात आणि त्याने कोणाचेही न ऐकता काट्याकडे पाहायचे असते. काटा दाखवेल ते खरे, ही सवय त्यांच्या हाडात गेली होती. निवृत्त झाल्यापासून गेली अकरा वर्षे ते रोज नऊ ते एक या वेळात खिडकीजवळच्या खुर्चीत बसून वाचत. सध्या समुद्रप्रवासांच्या इतिहासाचा दुसरा खंड संपत आला होता. जहाज एका अनोळखी किनाऱ्याबाहेर नांगर टाकून उभे होते आणि पुढे काय झाले ते तिसऱ्या खंडात होते.

"वासंतीबाई, तिसरा खंड मिळेल का? या वेळी घरी नेईन म्हणतो."

वासंतीबाईंनी पडद्यावर शोधले, मग करीमभाईंकडे पाहिले, मग पुन्हा पडद्याकडे.

"नाही देता येणार. तुम्ही पुस्तक आहात."

"मी?"

"हे बघा. करीम बागवान. लेखक हुसेन बागवान. पृष्ठे एकाहत्तर. प्रकाशनस्थळ पुणे. शेरा: शांत, त्रास नाही. पुस्तकाला पुस्तक देत नाही आम्ही."

दुसरा कोणी असता तर टेबल बडवले असते. करीमभाईंनी चष्मा पुसून पडद्याकडे पाहिले, एखाद्या काट्याकडे पाहावे तसे. मजकुरात चूक काढावी असे त्यांना काही सापडेना. अब्बांचे नाव बरोबर होते. पाने एकाहत्तर, हेही बरोबर. बारीकच पुस्तक, त्यांच्या मनात आले; आणि त्यातही मधली तीस-चाळीस पाने नुसती कांद्याची.

"पण मी तर इथे असा उभा आहे," ते जमेल तेवढ्या ठामपणे म्हणाले.

"ते दिसतंय मला. यादीला दिसायला हवं."

"मग बदला ना, बाई."

"मी बदलेन हो, पण ठराव लागेल. माझ्या अधिकारात फक्त चुका होतात, दुरुस्त्या नाही."

फेब्रुवारीत वार्षिक सभा भरली. गणपूर्तीअभावी नऊ वर्षे तहकूब होत आलेली ही सभा या वेळी पहिल्या फटक्यात भरली, कारण चार खुर्च्या आणि सात शब्दकोश वेळेवर हजर होते. सभेपुढे 'प्रकार' रकान्याचा विषय आला. पुन्हा अशी चूक होऊ नये म्हणून त्या रकान्याला कुलूप घालावे, असा ठराव संजयरावांनी मांडला. जो सभासद बोलत नाही त्याची हरकत नाही असे धरावे, हेही त्यातच घातले. ठराव एकमताने संमत झाला. यापुढे नवी चूक होणे अशक्य झाले, आणि त्याच कुलपामुळे जुन्या चुका कायमच्या सुरक्षित झाल्या. नीरजाने फोनवर सांगितले, "काका, माझ्याकडून दोन मिनिटांचं काम आहे, फक्त कमिटीचं पत्र द्या." कमिटीने पत्रासाठी सभासदाचा अर्ज मागवला. करीमभाईंनी अर्ज केला. पुस्तकाचा अर्ज विचारात घेता येत नाही, असे उत्तर आले. (उत्तर अतिशय सौजन्यपूर्ण होते. वर 'प्रिय पुस्तक' असा मायना होता.)

इतके होऊनही करीमभाई खिडकीत येऊन बसत होतेच. पण वाचनालयाचा एक जुना नियम आहे: सलग तीन वर्षे जे पुस्तक कोणीही घरी नेले नाही, ते एकतीस मार्चला बाद करावे. आत बसून वाचलेले धरत नाहीत. नव्या प्रोग्रामने हे काम फारच सोपे केले होते. बाद होणाऱ्यांची यादी आपोआप तयार होई आणि आपोआप फलकावर लागे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिच्यात समुद्रप्रवासांचा तिसरा खंड होता आणि त्याच्याच खालच्या ओळीत करीमभाई होते. 'शेवटची देवघेव' या रकान्यात दोघांच्याही नावापुढे काहीच नव्हते.

"मला टेम्पोत घालणार का?" त्यांनी विचारले. टेम्पो रद्दीवाल्याचा.

"काहीतरीच काय. फक्त नाव जाईल. मग आत येता येणार नाही."

"आणि माझी खुर्ची?"

"ती सभासद आहे. तुमची कशी?"

म्हणजे एकतीस मार्चच्या आत कोणीतरी करीमभाईंना घरी नेणे भाग होते. आता ज्या माणसाने चौतीस वर्षांत 'बाजूला व्हा' असे मोठ्याने म्हटले नाही, तो 'मला न्या' असे कसे म्हणणार? ते नव्या पुस्तकांच्या मांडणीपाशी जाऊन उभे राहू लागले. दाढी रोज करू लागले. एकदा एक गृहस्थ थांबले, त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "शेवट चांगला आहे का?"

"मला अजून ठाऊक नाही," करीमभाई प्रामाणिकपणे म्हणाले. गृहस्थांनी शेजारचे पाककृतींचे पुस्तक उचलले.

रास्ता पेठेतल्या एक बाई म्हणाल्या, "मला मोठ्या टायपातलं हवं." मार्केट यार्डातला जुना सोबती महिपती एकदा सहज डोकावला, तेव्हा करीमभाईंना हायसे वाटले.

"तुला नेऊ? अरे, चौतीस वर्षं रोज बघितलाय. त्यात नवीन काय?" महिपती म्हणाला आणि खालच्या दुकानात रिमोटचे सेल घ्यायला गेला.

घरी करीमभाई काही बोलले नव्हते. सिताराबींना रोजची दाढी पाहून जो काही संशय यायचा तो आलाच होता. तीस तारखेला त्यांनी नवऱ्याला समोर बसवून सगळे काढून घेतले. हसतील असे करीमभाईंना वाटले होते. त्या हसल्या नाहीत. "एवढी वर्षं मी म्हणत होते, यांचं पुस्तक झालंय," त्या म्हणाल्या. "तेव्हा कोणी ऐकलं नाही."

एकतीस मार्चला साडेबारा वाजता, गुडघे धरत धरत जिना चढून, सिताराबी वाचनालयात हजर झाल्या. टेम्पो खाली लागलेला होता.

"बाई, नवरा न्यायला आलेय."

"सभासद आहात?" वासंतीबाईंनी विचारले.

"लग्न झालंय आमचं. सेहेचाळीस वर्षं."

"ते इथे चालत नाही. फोटो, ओळखपत्र आणि दोन विद्यमान सभासदांची शिफारस."

वाचनालयात त्या वेळी दुसरे कोणी नव्हते. घड्याळात एकला वीस कमी होते. वासंतीबाईंनी एकवार नव्या पुस्तकांच्या मांडणीकडे पाहिले. तिथे करीमभाई इस्त्रीचा सदरा घालून, हात बाजूला सरळ सोडून, कोणाकडेही न पाहता उभे होते. मग बाईंनी चष्मा वर सरकवला, खिडकीजवळच्या दोन खुर्च्यांच्या पाठीवरचे क्रमांक वाचले आणि फॉर्मवर शिफारसकर्ते म्हणून उतरवले.

"त्यांच्या सह्या?" सिताराबींनी विचारले.

"जो सभासद बोलत नाही त्याची हरकत नाही. ठराव आहे तसा." वासंतीबाईंनी फॉर्मवर शिक्का मारला. "एका वेळी दोन पुस्तकं मिळतात. दुसरं कुठलं?"

"यांनाच विचारा."

"समुद्रप्रवास, खंड तीन," करीमभाई म्हणाले. अकरा वर्षांत त्यांचा आवाज एवढा मोठा कोणी ऐकला नव्हता. खाली स्पीकरवालाही क्षणभर थांबला.

"चौदा दिवसांत परत. पानं दुमडलेली चालणार नाहीत."

"दुमडलेलीच मिळतायत," सिताराबी म्हणाल्या.

"मग तसा शेरा लिहून घेते. मुदत वाढवून हवी असेल तर—"

"आधी चौदा दिवस बघू. आवडलं तर वाढवू."

फलकावरच्या यादीतून दोन ओळी आपोआप नाहीशा झाल्या. खालच्या ओळी वर सरकल्या. टेम्पो तीनशे बारा पुस्तके घेऊन गेला.

घरी पोचल्यावर सिताराबींनी चहा टाकला आणि नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "हं, पहिल्यापासून सांगा," त्या म्हणाल्या. "मी मधूनच उघडलंय." करीमभाई गडबडले. सुरुवातीला फारसे काही नाही, असे त्यांनी दोनदा बजावले. मग सांगू लागले. चहा दोन वेळा गरम करावा लागला आणि तरी ते नवव्या पानापर्यंतच पोचले होते. त्यांची मुदत आजवर सहा वेळा वाढवून झाली आहे. जूनमध्ये दुरुस्तीसाठी कमिटीचे पत्र निघाले, पण ते करीमभाईंनी स्वतः जाऊन, हात जोडून, रद्द करून घेतले. ते आता खिडकीतल्या खुर्चीत वाचकाच्या सोबतचे पुस्तक म्हणून बसतात. सिताराबी शेजारी विणकाम करतात. (दोन्ही खुर्च्यांची हरकत नाही.)

वाचनालयाची व्यवस्था आता इतकी निर्दोष झाली आहे की तिच्यावर अधिक लिहिणे उचित नाही. बाद होणाऱ्यांची पुढची यादी आपोआप तयार होत आहे. आपले नाव तिच्यात आहे का, हे पाहायला वाचकांनी जिना चढून येण्याचे कारण नाही. ती एका वेळी वीसच ओळी दाखवते. घरीच बसून आपली शेवटची देवघेव आठवली तरी पुरे: कोणी नेले होते, कोणत्या तारखेला, आणि कितव्या पानावर मिटून ठेवले. आठवत नसेल तर शेजारच्या खोलीत जे कोणी बसले आहे त्यांना विचारावे. मात्र जपून. आपण एका परक्या माणसाची एकाहत्तर पाने इथवर आवडीने चाळलीत. त्यांची कितवी पाने आपण वाचली आहेत, असे ते उलट विचारू शकतात. एकतीस मार्च त्यांच्याही रकान्यात आहे.