सोनकुसरेचं बिनगाठीचं फ्रेंच

शेजाऱ्यावर जळून मी साठीनंतर फ्रेंचच्या क्लासात नाव घातलं.

हा शेजारी म्हणजे नंदनवन कॉलनीतला आमचा सोनकुसरे. रिटायर्ड हेडक्लार्क, घराणं विणकराचं. लेक फ्रान्समध्ये, जावई तिकडचाच, नातीला मराठी येत नाही. तिच्याशी बोलता यावं म्हणून तो क्लासात गेला. मी तो गेला म्हणून.

बोलता बोलता हा माणूस मध्येच डोळे मिटतो आणि चिमटीत हवेतला धागा वळतो. नवख्याला वाटतं, झटका आला. तसं नसतं, फ्रेंच विशेषण आलेलं असतं.

फ्रेंचमध्ये सुंदर बगिच्याला ‘बो’ म्हणतात. पण झाडाचा शब्द स्वरानं सुरू होतो, म्हणून सुंदर झाड ‘बेल’. असं काहून, ते मॅडम समजावत होत्या आणि मी जांभई आवरत होतो. सोनकुसरे उठला.

"मॅडम, आमचा बाप मागावर तुटला धागा सांधे, तं गाठ बोटाले लागत नसे. हे तसंच हाय. दोन स्वर जोडाचे, पण गाठ नाही लागली पाहिजे."

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मी वहीत उगाच काहीतरी खोडलं.

मग तो सुटलाच. तर्रीपोह्याच्या ठेल्यावरही चिमूट वळून राहिला. आमच्या घरी चहाचा पहिला कप त्याला. वर बायको मला म्हणते, "भाऊजी पाहा कसे शिकून राहिले. तुम्ही नुसते जाऊन येऊन राहिले!"

एका रविवारी सोनकुसरेच्या नातीचा व्हिडिओ कॉल येणार होता. याची फजिती पाहावी म्हणून मी खुर्ची ओढून शेजारीच बसलो.

फोन आला. सोनकुसरेनं तो खिडकीतल्या कडुलिंबाकडे धरला, डोळे मिटले, चिमूट वळली. "बेल आर्ब्र!"

पोरगी खिदळली आणि धडाधड बोलत सुटली. हा ‘वी, वी’ म्हणजे ‘हो, हो’ करत मान डोलावतोय.

"काय म्हणते?" मी हळूच विचारलं. मला आतून गुदगुल्या होत होत्या.

"काय मालूम." त्याची नजर स्क्रीनवरून हलली नाही. "पण आता फोन सोडून पळत नाही ते. आधी पळे."

एवढं ऐकून माणसानं विरघळावं. मी आणखीच जळलो. मान पुढे घालून जोरात म्हणालो, "बाँझूर!"

सोनकुसरेनं कोपरानं ढकललं. "सरक ना गा! तुह्या टकलापायी पोरगी दिसून नाही राहिली."