सगुणाची जोडणी आणि हुतूतूची फायनल

एका जंगलात, बाळांनो, नेटवर्क फार छान होतं. हसू नका. गोष्ट आहे ही, गोष्टीत काहीही असतं.

तिथले प्राणी दिवसभर ऑनलाइन हुतूतू खेळत. खेळाचा सर्व्हर नदीपलीकडच्या जंगलात होता आणि त्याच्या दारावर एक अस्वल बसलेलं असे. दार ठोठवायचं, नाव सांगायचं, अस्वलाची खात्री पटली की आत जायचं. पण ठोठवायची रीत अशी किचकट, की निम्मे प्राणी दारातच अडकत.

या जंगलात सगुणा नावाची साळू राहायची. तिची धाकटी बहीण इंदी लग्न होऊन लांबच्या डोंगरात गेली होती. इंदीबरोबर संध्याकाळी दोन डाव खेळता यावेत, एवढ्यासाठी सगुणानं एक लायब्ररी लिहिली. पुस्तकांची नव्हे रे, कोडची! दार कसं ठोठवायचं, काय बोलायचं, आत कसं शिरायचं, सगळं त्यात आयतं. आपल्या गेमला जोडलं की काम झालं. तिनं तिचं नाव ठेवलं 'जोडणी', आणि सगळ्यांना फुकट वाटली.

तिथंच चुकली बिचारी.

"सगुणाताई, माझं चालत नाही," माकड म्हणालं.

"काय चालत नाही?"

"तेच. चालत नाही."

सकाळपासून असे येऊन बसायचे. सशाला दार गुलाबी हवं होतं. मोराला आत शिरताना टाळ्या हव्या होत्या. आणि तिकडे इंदी वाट बघून बघून कंटाळायची.

"ताई, आज तरी येशील?"

"येते गं, एवढं रानडुकराचं बघते नि येते."

रानडुकराचं काही संपायचं नाही. बहिणीसाठी म्हणून केलं, आणि बहीणच राहिली बाजूला!

सगळ्यात मोठी तक्रार एकच होती. दार पहिल्यांदा उघडलं नाही, तर जोडणी जरा थांबायची आणि मग पुन्हा ठोठवायची. कुणाची कमी थांबे, कुणाची जास्त, म्हणजे दारावर सगळ्यांची एकदम झुंबड नको. पण शहाणपण आणि जंगल यांचं कधी जमलंय?

"मी सरपंच," गवाअण्णा फुरफुरले. "मी थांबू?"

हे ऐकून कोल्होबा पुढे आले. त्यांनी सगुणाची जोडणी उचलली, त्यातली थांबण्याची ओळ खोडली, वर आपलं नाव घातलं आणि म्हणाले, "घ्या, सुपरफास्ट जोडणी!"

झालं. सगळं जंगल तिकडे पळालं. जंगलात जुनी जोडणी एकट्या सगुणाकडे राहिली, आणि तिकडे डोंगरात इंदीकडे. तक्रारी मात्र तिच्याकडेच येत राहिल्या, कारण कोल्होबांना कोडमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

मग आली फायनल. सगुणा आणि इंदी एकाच संघात होत्या. सगुणानं त्या दिवशी कुणाचंही ऐकायचं नाही असं ठरवलं आणि अंगावरचे काटे फुलवून बसली, म्हणजे कुणी जवळच येईना.

खेळ सुरू व्हायच्या वेळी सर्व्हर जरासा अडखळला. अस्वलानं दार लोटून घेतलं, नुसतं श्वास घेण्यापुरतं. पण बाहेर अख्खं जंगल सुपरफास्ट! धडाधड, धडाधड, थांबायचं नाव नाही. अस्वल बिचारं उठायला जाई आणि पुन्हा आदळे.

शेवटी ते पिसाळलं. "दणादण आपटणारे सगळे आजच्या दिवस बाहेर!"

मग एक हलकीशी टकटक झाली.

"कोण?"

"सगुणा आणि इंदी. सवड झाली असेल तर येऊ का?"

"या माझ्या बायांनो," अस्वल म्हणालं.

मैदान रिकामं होतं. समोर गडीच नाहीत. मग काय, फायनल गेली खड्ड्यात! दोघी एकमेकींवरच चढाया करत बसल्या, हसल्या, मध्येच थोडं रडल्याही.

दुसऱ्या दिवशी सभा बसली.

"सगळं जंगल बाहेर, आणि ही एकटी आत?" गवाअण्णा गरजले. "यात काळंबेरं आहे!"

"थांबण्याची ओळ हिनं स्वतःपुरती लपवून ठेवली," कोल्होबा म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

निकाल लागला. जोडणी सगुणाकडून काढून घ्यायची. यापुढे सगळं कोड कोल्होबांकडे, सगळ्या तक्रारीही कोल्होबांकडेच. सगुणानं एका ओळीलाही हात लावायचा नाही, जन्मात नाही!

कोल्होबांना हार घातला गेला. शिट्ट्या झाल्या.

सगुणानं मान खाली घातली. हसू दिसलं असतं ना! "शिक्षा फार कडक आहे हो," ती कशीबशी म्हणाली, आणि जी घराकडे सुटली ती इंदीबरोबर डाव मांडूनच थांबली.

तात्पर्य : धीराचं फळ गोड असतं, हे बाई शाळेत सांगतात ते खरंच आहे. पण ते खाताना सापडलात तर चोर ठरता. तेव्हा बाळांनो, आपलं चांगलं काम कोल्ह्याच्या हाती लागेल असं ठेवावं. मोलाचं काम चोरीला गेल्याशिवाय त्यातून सुटका होत नाही.